हुकावरचं हेल्मेट

मॅनेजरनं भिंतीवर उरलेल्या एकुलत्या एका हेल्मेटला टिचकी मारली. बाकीचे हुक रिकामे होते. माणसं केव्हाच गोदीत कामाला लागली होती.

"पळाला तुमचा वेल्डर. मी काय सांगत होतो, बाई?"

मजुरांच्या देशाच्या वकिलातीतली कामगार-अधिकारी दाराकडे बघत होती. तिनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला.

काल याच खोलीत मालकाचं कपाट उघडायला लावून तिनं ज्याचा त्याचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात दिला होता. एवढ्याशा गोष्टीपायी दोन सरकारांचा व्यापार करार वर्षभर रखडला होता. कापडावरची जकात कमी करून हवी असेल तर पासपोर्ट मजुरांच्याच हाती राहील हे कलम गाळा, असं इथलं सरकार म्हणे. मायदेशी कापडवाले बोंबा मारत होते. भर बैठकीत ती आपल्याच सचिवांना म्हणाली होती, "कापडाच्या गाठी पाठवतो तशी माणसं पाठवलीत का आपण?" सचिवांनी डोळे वटारले, पण कलम सोडलं नाही. शेवटी इथल्यांनी मेख मारली. आधी एका गोदीत पासपोर्ट देऊन बघू. एक जरी माणूस पळाला तर कलम गेलं. सही आज दुपारी होती.

आणि पळाला कोण? तर काका. सगळ्यांत जुना माणूस. मालकानं सोडलं नाही म्हणून पोटच्या पोरीचं लग्न फोनच्या काचेत बघितलेला. पळाला असेल तर त्याला कुठल्या तोंडानं दोष द्यायचा?

तिचा फोन वाजला. सचिव होते.

"तिकडचं काय? इथे सहीच्या टेबलावर विचारताहेत."

"एक माणूस दिसत नाहीये, सर."

 संपलं, तिला वाटलं.

"दिसत नाही म्हणजे पळाला असं नाही," सचिव म्हणाले. "माणसाला उशीर होतो. मी यांना अजून एकेक चहा पाजतो. तुम्ही हलू नका तिथून."

तिनं फोन ठेवला. याच माणसाला ती महिनोन्‌महिने मनातल्या मनात शेळपट म्हणत आली होती.

ऊन पार खिडकीवर आलं तेव्हा काका दारात उभे राहिले. धुतलेला शर्ट, नीट पाडलेला भांग.

"कुठे होतात, काका? जीव टांगणीला लागलाय इथे!"

"विमानतळावर."

"बघा! बघा!" मॅनेजर ताडकन उठला.

"आत नाही गेलो हो. तिकीट कुठंय माझ्याकडं?" काका ओशाळले. "फाटकावरच्या शिपायाला पासपोर्ट दाखवला. म्हटलं, यावर मला जाता येईल ना? तो म्हणाला, तिकीट काढा नि चला. खात्री करायला परत विचारलं, तर खेकसला. मग बाहेरच्या बाकावर बसून विमानं बघितली. त्यात यायची बस चुकली."

"एवढ्यासाठी गेलात?"

"कुलूप काढलंय म्हणता ना, ताई? मग कडी एकदा हलवून नको बघायला?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. ते लपवायला तिनं पाठ फिरवून फोन लावला.

"सर, माणूस आलाय."

"आला? बरं." सचिवांनी सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. "चहा पिऊन पिऊन पित्त झालं मला."

"सर..." तिला पुढे पुष्कळ बोलायचं होतं. "थांबलात. फार बरं केलंत."

मॅनेजरनं हजेरीचं रजिस्टर ओढलं. कुठेतरी राग काढायलाच हवा होता.

"अर्धा दिवस कापणार मी."

काकांनी हुकावरचं हेल्मेट काढलं, भांग विस्कटणार नाही अशा बेतानं डोक्यावर चढवलं.

"कापा की, साहेब. माझाच होता तो."