पंधरा दिवस लख्ख राहिलेला तळ

हसू नका मित्रांनो. मी जुनी आहे, पत्र्याची आहे आणि कडीपाशी थोडी चेपलेली आहे, हे सगळं खरं. पण नुसतं गप्प बसून मी एकदा एक घर फुटता फुटता वाचवलं आहे. तुमच्यापैकी कोणाला गप्प बसून एवढं जमलं असेल तर त्याने पुढे यावं, मी माझी कडी त्याच्या गळ्यात घालीन.

माझा जन्म एका अंधाऱ्या दुकानात झाला. पत्रेवाल्याने लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून मला गोल केलं. त्याचा शेवटचा ठोका इतका दणदणीत होता की शेजारच्या घड्याळवाल्याची सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे गेली, आणि पुढचं वर्षभर त्या गल्लीतली माणसं वेळेच्या आधी कामाला पोचत होती. विश्वास बसत नसेल तर सोडून द्या. मलाही कधीकधी बसत नाही.

मला एका तीन मजली इमारतीतल्या लोकांनी सामाईक म्हणून आणलं. माझी जागा जिन्याखाली. ज्याला हवी त्याने न्यावी, काम झालं की आणून ठेवावी. पण तिथे एक रीत पडली होती. बादली नुसती परत करायची नाही. घरात जे काही निस्तरलं ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचं. बेसिन तुंबलं तर भिंत खणू नका, खालची वाटी फिरवून काढा, सगळा केसांचा गुंता तिथेच बसलेला असतो. दार चौकटीला घासतंय तर रंधा मारण्याआधी कडेला मेणबत्ती घासून बघा. एका वहिनींनी किरकिरणाऱ्या पलंगाचा इलाज सांगता सांगता नवऱ्याच्या घोरण्याचाही सांगून टाकला, पण तो मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

काय दिवस होते ते! गच्चीवरची टाकी फुटली तेव्हा सगळं पाणी मी एकटीने झेललं, आणि वर दोन तांबे मावतील एवढी जागा उरली. लोक म्हणायचे, बादली असावी तर अशी.

मग प्लास्टिकच्या बादल्या आल्या. लाल, निळ्या, हलक्याफुलक्या, नखरेल. मला कोणी विचारेना. आमच्या टाकीचं पाणी फार क्षारांचं, त्यामुळे माझ्या अंगावर गळ्यापर्यंत पांढरी पुटं चढली होती. त्यात कोणीतरी फुटक्या फरशा आणि वाळून दगड झालेला रंगाचा ब्रश टाकला. मी जिन्याखाली पडून राहिले. प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याची चप्पल मला ओळखू यायची, मला मात्र कोणी ओळखत नव्हतं.

पहिल्या मजल्यावर शिवणमावशी राहायच्या. एके दिवशी त्यांच्या शिवणयंत्राशेजारी छतातून पाणी ठिबकू लागलं. घरातल्या दोन्ही बादल्या कामात होत्या, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. विटेच्या भुकटीने असं घासलं की माझी सगळी पुटं गेली आणि तळात मावशींना स्वतःचा चष्मा दिसू लागला. मग मला गळतीखाली ठेवलं. मित्रांनो, मी पुन्हा कामाला लागले!

आता छत गळतं म्हटल्यावर सल्ले आलेच. पण शेवटचा शब्द नेहमी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅरंटीकाकांचा असायचा. प्रत्येक सल्ल्याला ते गॅरंटी देत, म्हणून हे नाव. खरं नाव त्यांच्या बायकोलाच काय ते आठवत असेल. त्यांनी मान वर करून छत पाहिलं, बोटाने टकटक केलं आणि निकाल दिला. मावशींच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं बाथरूम आहे, तेच गळतंय, फरशी उखडायला हवी.

मास्तर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला शांत माणूस. त्यांच्या घरात त्यांची आई, आमच्या सगळ्यांची आजी. तिच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाथरूम फोडलं की तीन आठवडे घर राहण्याजोगं राहणार नव्हतं, आणि आजीला तेवढे दिवस दूरच्या भाचीकडे हलवावं लागणार होतं. आजीने सांगून टाकलं होतं की ह्या वयात एकदा घराबाहेर काढलेलं माणूस परत येतंच असं नाही.

म्हणून मास्तरांनी एका रविवारी पुरावा घ्यायचं ठरवलं. दिवसभर घरातले सगळे नळ बंद ठेवले. आणि काय सांगू, माझ्यात त्या दिवशी एक थेंब पडला नाही! सोमवारी नळ सुरू झाले आणि दुपारी ठिबक सुरू. झालं, मास्तर गुन्हेगार ठरले. पुढच्या सोमवारी फरशी फोडणारे येणार, हे ठरलं. मावशी आणि मास्तर यांच्यात जिन्यात मान हलवणंही बंद झालं.

शनिवारी मावशी आजीसाठी शिवलेला, पुढून उघडणारा गाऊन द्यायला वर गेल्या. गाऊन भांडणाआधी कबूल केलेला होता. दुसऱ्या हातात मी होते, अर्धी भरलेली. मावशींनी मला दारातच ठेवलं.

“हे तुमचं पाणी तुम्हाला परत,” त्या म्हणाल्या.

मास्तर इस्त्री करत होते, आणि इस्त्रीतून वाफेबरोबर पांढरे कण शर्टावर पडत होते. मावशी तशाच वळून जाणार होत्या. पण मित्रांनो, आमच्या इमारतीतला माणूस भांडण गिळेल, सल्ला गिळू शकत नाही.

“टाकीचं पाणी घालू नका हो त्यात. शर्टाचं वाटोळं होतंय,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“मग कुठलं घालू?”

“मी तर तुमच्याच बाथरूमचं घालते, ह्या बादलीतलं. पंधरा दिवस झाले, एक कण पडला नाही.”

मास्तरांची इस्त्री हवेतच थांबली. ते माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. माझ्यातलं पाणी त्यांनी पातेल्यात ओतून घेतलं आणि माझा तळ पाहिला. आयुष्यात इतक्या आदराने माझ्या तळाकडे कोणी पाहिलं नव्हतं. तळ लख्ख होता.

त्यांनी दोन चमचे घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात माझं. दोन्ही गॅसवर धरून आटवले. नळाच्या चमच्यात पांढरं कडं उमटलं. माझा चमचा कोरा राहिला.

“मावशी, माझ्या बाथरूममध्ये येतं ते टाकीचंच पाणी. हे पाणी टाकीचं नाहीच.”

“टाकीचं नाही, पावसाचे दिवस नाहीत, मग आलं कुठून? माझ्या डोळ्यातून?”

तेव्हा पलंगावरून आजी बोलली. दीड महिना ती छताकडे बघत पडून होती, तिला वरच्या घरातला प्रत्येक आवाज पाठ झाला होता.

“वर गॅरंटीचा एसी घरघरतोय बघ. रोज दुपारी असाच घरघरतो. नळ बंद ठेवलेस ना, त्या रविवारी तेवढा गप्प होता. लेकीकडे गेला होता तो.”

मग मास्तर, मावशी आणि मी असे तिघं तिसऱ्या मजल्यावर निघालो. मी मावशींच्या हातात होते, पण खरं सांगते, त्या दिवशी मीच त्यांना वर ओढत होते.

काकांनी आधी सगळं उडवून लावलं. एसीचं पाणी नळीने थेट बाहेर जातं, आपण स्वतः बसवून घेतलंय, गॅरंटी. मास्तरांनी फक्त बाहेरच्या नळीचं तोंड दाखवायची विनंती केली. खिडकीबाहेर ते तोंड कोरडं ठणठणीत होतं. त्यात कोळ्याने जाळं विणून संसार थाटला होता. मग बाथरूममागची झडप उघडली. सगळ्या घरांचे पाइप जिथून खाली जातात त्या पोकळीत एसीची नळी सांध्यातून निसटून लोंबत होती. तिचं थंडगार पाणी जुन्या पाइपाच्या अंगावरून, मास्तरांच्या बाथरूमला पाठ घासून, नेमकं मावशींच्या छतात उतरत होतं.

काकांनी एसी बंद केला. तासाभराने खालची ठिबक थांबली. पुन्हा चालू केला, पुन्हा ठिबक. तिसऱ्यांदा बघायची गरज कोणाला वाटली नाही.

“मास्तर,” काका एसी बंद करत म्हणाले, “माझ्या शब्दावर तुम्ही आईला घराबाहेर काढणार होतात. मला माफ करा.”

नळीला नवा सांधा आणि एक पट्टी लागली, काम दहा मिनिटांचं. सोमवारी फरशी फोडणारे हातोडे घेऊन आले तेव्हा काका स्वतः फाटकात उभे होते. त्यांनी चहा पाजून त्यांना परत पाठवलं, आणि जाता जाता हातोड्याचा दांडा सैल होऊ नये म्हणून काय करावं तेही सांगितलं. सवय कुठे जाते?

आठवड्याने डॉक्टरांनी आजीला पहिल्या अंघोळीची परवानगी दिली. मास्तरांनी प्लास्टिकची नवी बादली पुढे केली. आजीने ती पायानेच बाजूला सारली, ऑपरेशन झालेल्या पायाने, आणि मला मागवलं. मावशींनी तिला दंडाला धरून स्टुलावर बसवलं. त्याच बाथरूममध्ये, त्याच न फुटलेल्या फरशीवर. माझ्यात कढत पाणी ओतलं आणि वाफ अशी उठली की गल्लीतल्या लोकांनी छत्र्या उघडल्या म्हणतात. आजीने पहिला तांब्या अंगावर घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, “आता कुठे घरी आल्यासारखं वाटतंय.”

तेव्हापासून मी जिन्याखाली नसते, आजीच्या बाथरूममध्ये असते. मित्रांनो, जुन्या वस्तूला वापरून झाल्यावर कोरडी करून पालथी ठेवा, तिच्यात कचरा टाकू नका. एवढंच आमचं मागणं. छत गळलं तर हातोडेवाल्याला बोलवण्याआधी बादलीत नीट डोकावून बघा. आणि शेजाऱ्याशी कितीही वाजलं तरी त्याची इस्त्री शर्ट खराब करत असेल तर त्याला सांगितल्याशिवाय जिना उतरू नका.

बरं, आता सरका बाजूला. पाणी तापलंय, आणि आजीला थांबायची सवय नाही.