पांढऱ्या पँटीचा मातकट दिवस

मी पँट बोलतेय. सुती, जाड विणीची, खोल खिशांची. आज माझा रंग मातकट आहे आणि गुडघ्यांवर चिखल आहे. बघून नाक मुरडू नका. हा मळ मी कष्टाने मिळवलाय, आणि तो कसा मिळवला ते मी कुणाची भीडभाड न ठेवता सांगणार आहे.

जन्माने मी पांढरी. एका शिंप्याने मला रुग्णालयातल्या ब्रदरसाठी शिवलं. ब्रदर म्हणजे वॉर्डात रुग्णांना कूस बदलून देणारा, त्यांना धरून चालवणारा, रात्रंदिवस हाकेला ओ देणारा माणूस. डॉक्टरांची नावं सगळ्यांना पाठ असतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पहाटे कुणी वळवलं, त्याचं नाव विचारा. नाही सांगता येणार. असो.

घरी आल्यावर माझा ताबा ब्रदरच्या बायकोकडे असायचा. तिच्या हाताखाली रक्ताचा डाग टिकला नाही, औषधाचा टिकला नाही. मला नीळ द्यायची, उन्हात उलटी वाळत घालायची, इस्त्रीची घडी अशी बसवायची की धार लागावी. "वॉर्डात पन्नास पँटी असू देत, आमची लांबून ओळखू येते," असं ती शेजारणींना ऐकवायची. शेजारणी कंटाळल्या होत्या, पण ते खरं होतं.

ब्रदर निवृत्त झाले. पुष्पगुच्छ मिळाला, भाषणं झाली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून राहिले. काम केलेल्यांना फळीवर टाकायची ही पद्धत मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही.

त्यांची लेक सिनेमाच्या कपडेपटात कामाला लागली. कपडे मोजून घ्यायचे, इस्त्री करायचे, नटाला घालायला द्यायचे, परत घ्यायचे. शिकाऊ होती, पण जीव ओतून करायची. आणि एका दुपारी ती अवेळी घरी आली. हातात पिशवी, चेहरा उतरलेला.

"काय गं, आज लवकर सुटलीस?" आईने विचारलं.

"सुटले नाही, काढल्यासारखंच केलंय. मास्टर म्हणाले, उद्या सकाळी अशीच दुसरी पँट घेऊन ये. नाही जुळली तर येऊच नकोस."

मास्टर म्हणजे कपडेपटाचे प्रमुख. पिशवीतून निघाली ती हिरोची पँट. मातकट, मळकी, आणि मांडीवर जळून पडलेलं भोक. अर्धा प्रसंग चित्रित झाला होता, उरलेला अर्धा उद्या. पडद्यावर हिरो एका दारातून मातकट पँटीत आत शिरतो आणि पलीकडे वेगळ्याच पँटीत निघतो, असं चालत नाही. वास्तविक अशा पँटी दोन-तीन शिवून ठेवायच्या असतात. इथे निर्मात्याने काटकसर दाखवली होती, आणि हिरोच्या कपड्यांवर नाही तर कशावर दाखवायची?

ब्रदरनी कपाट उघडलं आणि मला खाली काढलं. "हिचा कपडा तसाच आहे बघ. कंबर थोडी आत घेतली की झालं."

लेकीने मला त्या पँटीशेजारी पलंगावर पसरलं, नीट बघितलं आणि मान डोलावली. मग ती रंगाच्या पुड्या आणायला धावली.

पलंगावर आम्ही दोघीच उरलो, तेव्हा मी विचारून घेतलं. ही ऐकीव बातमी नाही. जिच्या अंगाशी आलं तिचीच साक्ष आहे. हिरो खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. सिगारेटचा निखारा मांडीवर पडला. त्याने बोलता बोलता हाताने झटकला. भोवती माणसांचा गराडा होता, सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांना एकदम आकाशात काहीतरी दिसलं. कपडे परत घेताना भोक सापडलं ते या पोरीच्या हातात. कडेला चिकटलेली सिगारेटची राख तिने ओळखली. "इस्त्री करताना लक्ष कुठे होतं?" मास्टरनी तिलाच झापलं. इस्त्रीने गोल भोक पडतं का हो? पण विचारणार कोण!

एवढ्यात आई खोलीत आली. तिची नजर हिरोच्या पँटीवर पडली. "शी! एवढा मोठा नट आणि ही कळा!" असं म्हणून तिने ती उचलली. मी ओरडत होते, पण पँटीचं कोण ऐकतं? नळ सुटला. साबण लागला. ब्रशचा आवाज मी ओळखला. तो आवाज एकदा सुरू झाला की मळाची धडगत नसते.

लेक पुड्या घेऊन परतली तेव्हा नमुन्याची पँट दोरीवर ठिबकत होती.

"आई! तू ती धुतलीस?"

"मग? मळली होती ना."

"अगं, मळवली होती! मास्टरनी मुद्दाम मळवली होती! त्यावरूनच रंग जुळवायचा होता मला!"

आई मटकन खुर्चीत बसली. "मला मेलीला काय माहीत? मळकं दिसलं की माझे हात थांबत नाहीत." पोरीची नोकरी आपण नळाखाली धुऊन टाकली, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

लेक दोरीपाशी जाऊन उभी राहिली. त्या पँटीचा पाय तिने उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "बाबा, इकडे या. हा खालचा रंग बघा."

साबणाने वरची माती गेली होती, पण कपड्यात मुरलेला मूळ रंग जागेवर होता. फिकट तपकिरी, किंचित पिवळसर. मळासकट नमुना तिच्यापुढे राहिला असता, तर तिने सगळा गडद रंग मलाच पाजला असता आणि वर चिखल बसल्यावर मी काळीठिक्कर दिसले असते.

"आधी रंग, मग मळ. मास्टरनीही त्याच क्रमाने केलं असणार," ती म्हणाली. "आई, तू वाचवलंस मला."

"टोमणा मारतेस का?"

"नाही गं, खरंच!"

आई उठली आणि जुनं मोठं पातेलं काढायला गेली. तिच्या पाठीवरूनही कळत होतं की तिला हायसं वाटलंय.

पाणी तापलं. रंग पडला, मीठ पडलं. मला आधी ओली करून, झटकून आत सोडलं. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर डाग चुकवले आणि आता माझाच डाग होणार होता. ब्रदर लाकडी दांड्याने मला हलवत राहिले. एक जागा दबली की तिथे चट्टा पडतो. वॉर्डात हेच केलं होतं त्यांनी, दबलेली जागा मोकळी करत राहायचं.

"झाला! अगदी तोच रंग!" ते म्हणाले.

"ओली आहे बाबा ती. वाळली की फिकी पडेल."

कडेचा तुकडा इस्त्रीखाली धरला तर खरंच फिकट निघाला. मला पुन्हा बुडवलं. पुन्हा इस्त्री, पुन्हा बुडी. ब्रदर कुरकुरले, "रुग्ण बरा झाला की नाही, तेही इतकं तपासत नव्हतो गं." तिसऱ्या खेपेला दोन्ही पँटी खिडकीशी धरल्या आणि तिघांनीही एकदम श्वास सोडला. शिवणीच्या दोऱ्याने मात्र रंग घेतला नव्हता. तो पांढराच राहिला, हट्टी. लेकीने त्यावर बारीक ब्रशने तपकिरी शाई फिरवली.

कंबरही तिने आत घेतली. उरला मळ. तिने फोनमधले सेटवरचे फोटो उघडले. डाव्या गुडघ्यावर मोठा डाग, उजव्यावर लहान, खिशाच्या तोंडाशी बोटांचे ठसे. कुंडीतली माती चहाच्या पाण्यात कालवली.

"आई, तू लाव."

"मी?"

"डाग कुठून कसा पसरतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहितीये?"

आईने चिखलात बोटं बुडवली आणि ती माझ्यावर अधांतरी थांबली. इतकी वर्षं तिने मला डागांपासूनच जपलं होतं. मग ती वाकली आणि गुडघ्यावर पहिला डाग चोळला. "चुकून लागलेला डाग असा कडेला गडद असतो," ती स्वतःशीच पुटपुटली. थोड्या वेळाने तिला रंग चढला. "खिशाशी अजून हवा. हे बाप्ये हात पुसतातच तिथे." ब्रदरनी निमूटपणे हात पाठीमागे घेतले.

सकाळी मास्टरनी मला उलटसुलट पाहिलं. खिडकीत नेलं, फोटोशेजारी धरलं. चूक शोधायचीच असं ठरवलेल्या माणसासारखं पाहिलं. शेवटी म्हणाले, "घाल त्याला."

हिरोने मला चढवलं आणि मांडीवरून हात फिरवला. "अरे, ही किती मऊ आहे! कालची टोचत होती."

"कालची तुमच्या सिगारेटने जळली, सर," लेक म्हणाली. "ही माझ्या बाबांची आहे."

मास्टर एकदम मापाची टेप गुंडाळायला लागले.

"माझ्या सिगारेटने?" हिरो खरंच दचकला. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

त्याला घाबरून गप्प बसलेली माणसं त्याच्याभोवतीच उभी होती, आणि ज्याला ती घाबरत होती त्याला पत्ताच नव्हता. तो मास्टरना म्हणाला, "हिला नका बोलू हं." मास्टरनी माफी मागितली नाही, अशा माणसांना ती येत नसते. पण दुपारी जाताना तिला म्हणाले, "उद्या लवकर ये. नाचाचे कपडे यायचेत."

तिने लगेच घरी फोन लावला. "आई, जुळली! उद्या बोलावलंय!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागून ब्रदर विचारत होते, "अगं, काय म्हणतेय ती? सांग की!"

आता मी कपडेपटात हँगरवर आहे. काम अजून संपलेलं नाही आणि फळीवर कुणी टाकलेलं नाही. मजेत आहे. तुमच्याकडे एकच मागणं. भोक दिसलं की ज्याच्या हातात कपडा आहे त्याच्यावर तुटून पडू नका. आधी विचारा, निखारा कुणाचा होता. आणि पाहिलं असेल, तर बोला.