यांच्या नावाची पत्रं

"अहो आई, हा 'जुना' तीस तारखेला बंद होणार," सून कॉम्प्युटरसमोर वाकून म्हणाली. "कंपनीनं कळवलंय. मग यावरून काही जाणार नाही, यावर काही येणारही नाही."

"बंद म्हणजे? आपण त्यांचं काय घोडं मारलंय?"

"आपण काही नाही केलं. मेलचा कारभारच गुंडाळताहेत ते. तुमच्या नावाचा 'नवा' आहे की. त्यावरून पाठवा."

मी पदरानं कॉम्प्युटर पुसायला लागले. मी अशी मध्येच काही पुसायला लागले की सुनेला काळजी वाटते. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

'जुना', 'नवा' ही नावं यांनी ठेवलेली. हे पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. रस्त्यातली लोखंडी झाकणं उचलून कुठल्या आळीला पाणी सोडायचं, कुठलं बंद करायचं, यात चौतीस वर्षं गेली. कायमच्या बंद झालेल्या व्हॉल्व्हलासुद्धा हे तेल घालायचे. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर आणला, तोही नळासारखाच समजून घेतला. मला सांगायचे, "येणारी पत्रं एका नळानं येतात, जाणारी दुसऱ्या. जाणाऱ्याला मी दोन सर्व्हर जोडलेत. 'जुना' धरलास तर पत्र माझ्या नावानं जाईल, 'नवा' धरलास तर तुझ्या." दोन्हींचे पत्ते आणि आकडे पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले.

"माझ्या पत्राची वाट बघत कोण बसलंय?" मी म्हणाले होते. खरंच कुणी बसलं नव्हतं.

आमच्या लेकीनं नवऱ्याचं घर सोडलं आणि एक बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मीच तिला म्हणाले, "आलीस तशी परत जा." हे माझ्या मागं उभे होते. माझ्यापुढं तोंड उघडायची या घरात कुणाची टाप होती! ती गेली ती परदेशात. तिथं म्हाताऱ्यांना अंघोळी घालायचं काम करते. यांना लिहायची, मला एक ओळ नाही. हे गेले तेव्हाही आली नाही.

यांना जाऊन दोन महिने झाले आणि मी त्या खुर्चीत बसले. शाळा चौथीपर्यंत, टायपिंग एका बोटानं. लेकीला लिहिलेल्या चार ओळींत दुपार गेली. वेळेवर जेव, थंडीत कान झाक. सगळे हुकूमच. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिलाच शब्द, "बाबा".

"बाबा, तुम्ही नाही आहात हे मला माहीत आहे. कोण लिहितंय तेही माहीत आहे. तुमचं नाव दिसलं म्हणून उघडलं. आईचं नाव असतं तर उघडलं नसतं."

मी पुठ्ठ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. पत्र 'जुन्या'वरून गेलं होतं. मी बदलायलाच विसरले होते.

दुसरी बाई असती तर तिथल्या तिथं खुलासा करून मोकळी झाली असती. मी केला नाही. वर्षभर मी यांच्या नावानं लिहिलं. लिहिता लिहिता यांच्यासारखं लिहायला लागले. लेकीला "बाळ" म्हणायला लागले. मी तिला जन्मात बाळ म्हटलेलं नाही. भर दुपारी बोट थांबायचं आणि पाठीमागं ओल्या लोखंडाचा, तेलाचा वास यायचा. मी वळून बघत नसे. बघितलं तर जातील, असं वाटायचं.

एकदा लिहिलं, "बाळ, त्या दिवशी तुझ्या आईचं चुकलं." दुसऱ्याच दिवशी उत्तर. "हे तिला सांगू दे, बाबा."

आणि आता 'जुना' बंद होणार.

"वन्संना तुम्ही कुठल्या नावानं लिहिता ते मला ठाऊक आहे," सून हळूच म्हणाली.

"वाचलंस?"

"छे. पाठवलेल्यांत नुसतं बाबांचं नाव दिसलं. तारीख ते गेल्यानंतरची. अंगावर काटा आला."

"मग काय केलंस?"

"काय करणार? तुमच्यासाठी चहा टाकला."

एकोणतीस तारखेला मी बसले. 'जुन्या'वरून एक शेवटचं जाऊ शकलं असतं, आणि ते तिनं उघडलंच असतं. 'नव्या'वरून गेलं तर न उघडता कचऱ्यात. मी पुठ्ठा तीनदा वाचला. मग 'नवा' धरला.

"मी तुला दारातून परत पाठवलं. माझं चुकलं. हे बाबा नाही, मी लिहितेय." वर "बाळ" लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं.

आठ दिवस काही नाही. दहा दिवस नाही. मी रोज दुपारी बसायची. सून विचारत नव्हती, नुसती पंखा लावून जायची. पाठीमागचा वासही आता येत नव्हता.

बाराव्या दिवशी आलं. "आई,

तुझं पत्र आलं तेव्हा उघडलं नाही. काल नेहमीसारखं बाबांना लिहिलं, ते परत आलं. असा पत्ता आता नाही, असं कळवणारं पत्र सोबत होतं. कामाच्या कपड्यांतच जिन्यावर बसून रडले. बाबा काल गेले माझ्यासाठी. मग तुझं उघडलं. शेवटी जवळ कोण होतं? त्यांना त्रास झाला का? मला कुणी नीट सांगितलं नाही. तू सांग."

मी सांगितलं. सगळं. यांनी पाणी मागितलं तेही, आणि मी पाजलं तेही. दोन दुपारी लागल्या.

ते पत्र गेल्यावर मी बंद झालेला 'जुना' धरला. यांचाच पत्ता घातला आणि लिहिलं, "लेकीनं मला विचारलं." आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, इथं एक पत्र अडकलंय. मशीन सुरू केलं की पाठवायला बघतं, आणि जातच नाही. काढून टाकू?"

"राहू दे. कुणाच्या वाटेत आहे का ते?"

तिनं एकदा पत्ता वाचला. मग पंखा लावला आणि स्वयंपाकघरात गेली. पडद्याच्या कोपऱ्यात, जाणाऱ्या पत्रांपुढं, '१' हा आकडा तसाच होता.