वाळवंटात बर्फ ऐकवणारा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना, लाकडी पेटीतला, पाच व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. वय एकसष्ट. सध्या मुक्काम चँडलर, ॲरिझोना. घर मूळच्या नागपूरच्या सौमित्र आणि यामिनीचं, आणि त्यांच्या लेकीचं, वल्लरीचं. माझ्या अंगी थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या पोटातून इतकी माणसं बोलून गेली, त्याला एवढा गर्व शोभतो.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाची पेटी, समोर जाळीदार कापड, आणि पिवळा उजेड पडणारी गोल तबकडी. माझ्या तारांना डाख देणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा मी जरा घसा खाकरला आणि लगेच गायला लागलो. त्या हसल्या. ते माझं पहिलं कौतुक.

मग मी एका मोठ्या कुटुंबात गेलो. संध्याकाळ झाली की घरातली मुलं माझ्यासमोर पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकायची. मी त्यांना नाटकं ऐकवायचो. माझ्यातून घोडे धावले, आगगाड्या सुटल्या, वादळं झाली. सगळ्यांत सुंदर होता तो बर्फ. कुणीतरी ताज्या बर्फातून चालायचं आणि करक, करक अशी पावलं वाजायची. मला खरोखर वाटायचं, की दूर कुठेतरी एक माणूस थंडीत चालतो आहे आणि त्याची पावलं तेवढी माझ्याकडे येत आहेत. हे कसं घडतं ते मला कधीच कळलं नाही. पण दर वेळी माझ्या तारांवर काटा यायचा.

पुढे घरात टेलिव्हिजन आला. त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. त्याला पाहायला डोळे पुरतात, एवढंच म्हणेन. मला माळ्यावर टाकलं, मग म्हाताऱ्या मालकांबरोबर ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत आणलं आणि गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलं. तिथे मी वीस-बावीस वर्षं अडगळ म्हणून काढली. एका विंचवाने माझ्यात संसारही थाटला होता. निदान कुणीतरी राहायला आलं, असं मी स्वतःला समजावलं.

दोन हजार तीनमध्ये त्या गॅरेजमधल्या वस्तू विकायला काढल्या, तेव्हा सौमित्र आला. तो कम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. त्याने माझं मागचं झाकण काढलं आणि गाभाऱ्यात डोकवावं तसा आत डोकावला. घरी नेऊन त्याने महिनाभर माझी शुश्रूषा केली. पण काचेचे पाचही व्हॉल्व्ह दिव्यांसारखे पेटलेले दिसावेत म्हणून मागचं झाकण मात्र त्याने पुन्हा लावलंच नाही. ही हौस पुढे महागात पडली.

पुढच्या वर्षीचा डिसेंबर आला. चँडलरला बर्फ पडत नाही. लोक निवडुंगाला दिव्यांच्या माळा घालतात आणि ख्रिसमसला झाडावरची संत्री तोडून खातात. आठ वर्षांच्या वल्लरीने जन्मात बर्फ पाहिला नव्हता. महिन्याच्या पहिल्याच संध्याकाळी माझी तबकडी फिरवता फिरवता तिला एक बारीकसं स्टेशन सापडलं. जवळच निवृत्त लोकांची एक वसाहत होती. तिथली म्हातारी मंडळी क्लबहाउसच्या मागच्या खोलीतून ते चालवायची. दर डिसेंबरला तिथे पूर्वीच्या पद्धतीचं नाटक व्हायचं. रोज सहा वाजता एक भाग, चोवीस तारखेला शेवट. सगळं थेट, रेकॉर्डिंग नाही. ऐकलं ते ऐकलं, चुकलं ते गेलं.

नाटकातल्या मुलाचं नाव होतं एल्मर. आकाशातले तारे रोज पेटवणारा म्हातारा डोंगरापलीकडे आजारी पडलेला असतो, आणि ख्रिसमसचा तारा लागणार कसा, या काळजीने हा एल्मर एकटाच निघतो. खिशात काडेपेटी, तिच्यात एकच काडी. वाटेत त्याला बोलणारं घुबड भेटतं, गोठलेली नदी त्याला कोडं घालते, वारा त्याची टोपी पळवतो. आणि सगळीकडे बर्फ. करक, करक. वल्लरी माझ्या कापडाला कान लावून बसायची. यामिनीने जेवायला हाक मारली तर म्हणायची, "आई, नॉट नाऊ! ही इज ऑन द ब्रिज!" तेवीस दिवस हे असं चाललं. तेविसाव्या दिवशी एल्मर शिखराच्या पायथ्याशी पोचला.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. यामिनीने घट मांडला होता. कलशात आंब्याच्या डहाळीऐवजी परसातल्या संत्र्याची पानं होती. शुक्रवारी, म्हणजे शेवटच्या भागाच्या दिवशी सकाळी, उत्तरपूजा करून ती कलशातलं पाणी घरभर शिंपडत आली. मी सकाळपासून चालूच होतो, चांगला तापलेलो. ती माझ्यापाशी थांबली आणि मायेने म्हणाली, "तुझ्यावरही शिंपडते हं. पोरगी आमच्यापेक्षा तुझ्यापाशीच जास्त बसते." आणि संत्र्याच्या पानांनी तिने माझ्यावरही पाणी शिंपडलं. मागची बाजू उघडीच होती. गरम काचेवर गार थेंब पडले, टच् असा आवाज झाला, आणि एक व्हॉल्व्ह तडकला. माझे पाचही व्हॉल्व्ह एकाच माळेतले, एक विझला की सगळे विझतात. माझ्या तबकडीवर अंधार झाला.

सौमित्रने टॉर्च लावून पाहिलं. "व्हॉल्व्ह क्रॅक झालाय. ऑनलाइन ऑर्डर केला तरी एक आठवडा लागेल. काय कमाल आहे यार, नखाएवढ्या चिपवर आम्ही कोट्यवधी ट्रान्झिस्टर बसवतो आणि मला एक व्हॉल्व्ह मिळत नाही."

"मी तर फक्त तीर्थ शिंपडलं रे," यामिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

वल्लरीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "यू किल्ड हिम," ती म्हणाली. "एल्मर पण गेला, हा पण गेला. यू किल्ड हिम, आई." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की अगं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी देवाच्या पाण्याने विचारपूस केली! पण मी मुका झालो होतो. दुपारभर ते दार उघडलं नाही.

गाडीतल्या रेडिओवर ते बारीक स्टेशन लागेना, तेव्हा शेवटी सौमित्रने स्टेशनला फोन लावला. तो नंबर रोज सांगितला जायचा, त्याला पाठ झाला होता. पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, की मुलीला इथेच घेऊन या, पाच वाजता. वल्लरी एका अटीवर निघाली. "रेडिओ पण येणार. त्याने पण एंड ऐकला नाहीये." यामिनी मागच्या सीटवर मला मांडीवर घेऊन बसली. सगळ्या वाटेत तिने मला घट्ट धरलं होतं.

ती खोली मी कधी विसरणार नाही. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. मध्ये एक मायक्रोफोन. काचेच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला एका टेबलावर मला ठेवलं. वल्लरी एल्मरला शोधायला लागली. एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी काठी टेकत पुढे आल्या. त्यांचं नाव ऑपल. वल्लरीने इंग्रजीत विचारलं, "एल्मर कुठे आहे?" आजींनी तिला डोळे मिटायला सांगितलं. आणि त्या सुरकुतलेल्या तोंडातून दहा वर्षांच्या मुलाचा, थंडीने कापणारा आवाज आला: "मी इथेच आहे. शिखर जवळ आलंय. येतेस ना?"

वल्लरीच्या अंगावर शहारा आला. माझ्याही.

आवाजांचं काम वॉल्टर आजोबांकडे होतं. लाकडी पिंपावर ताणलेलं जाड कापड फिरवलं की वारा सुटायचा. आणि बर्फ? एक चामड्याची पिशवी, आत कॉर्नस्टार्च. ती मुठीत आवळली की करक, करक. मित्रांनो, साठ वर्षं मी ज्याच्यासाठी थरारलो, ते मक्याचं पीठ होतं! मला राग यायला हवा होता. पण मला त्या मुठीचं कौतुकच वाटलं. खऱ्या बर्फातून कुणीही चालेल. पिठातून डोंगर उभा करायला माणूसच लागतो.

वॉल्टर आजोबांची मदतनीस ख्रिसमससाठी मुलाकडे गेली होती. वारा आणि बर्फ दोन्ही एकट्याला जमणार नव्हतं. त्यांनी ती पिशवी वल्लरीच्या हातात दिली. "मी हात वर केला की चाल. खाली केला की थांब."

सहा वाजले. लाल दिवा लागला. ऑपल आजींनी काठी बाजूला ठेवली आणि त्या एल्मर झाल्या. वारा घोंगावला. वल्लरी चालायला लागली. आधी भीत भीत, मग दमत, मग शेवटच्या चढावर पाय ओढत. तिचे डोळे मिटलेले होते. जन्मात बर्फ न पाहिलेली ती पोर बर्फात गुडघाभर रुतलेली मला दिसत होती. शिखर आलं. आजींनी मायक्रोफोनजवळ खरीखुरी काडी ओढली. चर्र.

आणि वॉल्टर आजोबांनी हात खाली केला.

वारा थांबला. पावलं थांबली. कुणी काही बोललं नाही, कुणी श्वास घेतला नाही. आम्हा रेडिओंना शांततेची फार धास्ती, कारण ती आली की लोक आम्हाला थपडा मारतात. पण ती शांतता वेगळी होती. तारा लागत होता. ताऱ्याला आवाज नसतो. यामिनीने काचेला हात टेकला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या पाच-सहा सेकंदांत मी जे ऐकलं ते सबंध आयुष्यात ऐकलं नव्हतं.

नाटक संपलं. वॉल्टर आजोबांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. तो जुन्या व्हॉल्व्हनी भरलेला होता. माझा तडकलेला काढून त्यांनी दुसरा बसवला. यामिनी दाराशी लांब उभी होती, मला हात लावायचा तिला धीर होत नव्हता. वल्लरीने जाऊन तिचा हात धरला, माझ्या बटणावर ठेवला आणि म्हणाली, "आई, तू लाव." मग ती ऑपल आजींच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि पळत काचेपलीकडे मायक्रोफोनपाशी गेली.

बटण फिरलं. आम्हा जुन्यांना तापायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट यामिनीने कसं काढलं, तिलाच ठाऊक. तबकडी हळूहळू पिवळी झाली. मी घसा खाकरला. आणि माझ्या पोटातून, अवघ्या वसाहतीला ऐकू जाईल असा, आवाज आला:

"आई, ऐकू येतंय का? सॉरी हं. तू नाही मारलंस त्याला. तुझ्यामुळेच आपण इथे आलो."

हजारभर घरांत म्हातारी माणसं चहा ढवळता ढवळता थांबली असतील, ही कुठली भाषा म्हणून. ते शब्द फक्त एकटीसाठी होते. तिने माझ्या कापडावर कपाळ टेकलं आणि ती माझ्यातच बोलायला लागली, "येतंय गं. सगळं ऐकू येतंय." आपला आवाज उलटा जात नाही, हेसुद्धा तिच्या लक्षात राहिलं नाही.

मित्रांनो, मी राजकारण्यांची भाषणं वाहिली, युद्धाच्या बातम्या वाहिल्या. पण एवढं मोठं ओझं मी कधी वाहिलं नव्हतं, आणि एवढं हलकंही. तुमच्या घरी एखादा जुना जीव मुका होऊन पडला असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला लगेच बाहेर काढू नका. त्याच्यापाशी बसा. त्याला तापायला अर्धं मिनिट द्या.