डबलसीटचा दिवा

तात्यांच्या म्हाताऱ्या मोटरसायकलचा हेडलाइट गॅरेजात लख्ख लागायचा आणि घरी निघालं की मान टाकायचा. मेकॅनिकने बल्ब बदलला, स्विच खरवडला, बॅटरी चार्ज केली. दर वेळी तो तात्यांच्या मागे बसून एक फेरी मारायचा, दिवा सूर्यासारखा तळपायचा, आणि "झालं काम!" म्हणत स्वारी चहाला पसार. पुढच्या वळणावर तात्यांपुढे अंधार.

"काका, गाडीला माझा लळा लागलाय," मेकॅनिक म्हणायचा.

आज मात्र उतरताना त्याची चप्पल निसटली, म्हणून तो मागे वळला. दिवा गेलेला. तो पुन्हा बसला, दिवा आला. उतरला, गेला. सीट काढून बघतो तर मागच्या बाजूला वायरचा जोड सैल. वर वजन पडलं की टेकायचा.

"हा फॉल्ट जुनाट आहे, काका. इतकी वर्षं कळला कसा नाही? मागे कायम कोण बसायचं?"

"तुझी काकू."

काकू लेकीच्या बाळंतपणापुरत्या गेल्या होत्या. ते बाळ आता बालवाडीत होतं. परतायचा विषय निघाला, की त्या विद्वानाची परीक्षा आडवी यायची.

"पाच मिनिटांत जोडून देतो."

"नको."

"अहो, अंधारात आपटाल कुठेतरी!"

"उजेडातच जाईन," तात्या म्हणाले आणि तडक घरी येऊन फोन लावला.

"ऐकतेस का? गाडीचा दिवा तुझ्याशिवाय लागत नाही. सीटखालचा जोड सैल झालाय, मागे वजन लागतं."

"मग जोडून घ्या की! मेकॅनिक कशाला असतो?"

"पार्ट मिळत नाही म्हणतो."

"मग तांदळाचं पोतं ठेवा मागे."

"ठेवीन. पण पोतं 'हळू चालवा, हळू चालवा' म्हणणार आहे का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकू जागच्या हलल्या नसाव्यात, कारण लगेच दुसरी झाली.

"अहो," त्यांचा आवाज बारीक झाला, "मी इथे फार वाळलेय. माझ्या वजनाने आता लागतो की नाही, देव जाणे."

तात्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"येऊन बघायलाच हवं," काकूच म्हणाल्या. "आणि तोवर त्या जोडाला कुणाला हात लावू देऊ नका."