परातीतलं कोलेस्टेरॉल

बेळगुंदीच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. चरबी काढून देतो म्हणणारे चरबीआप्पा पाटावर बसलेल्या भक्ताचे तळपाय काशाच्या वाटीनं खसाखसा घासायचे आणि थंड पाण्याच्या परातीत बुडवायचे. बघता बघता पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या!

"निघालं बघा कोलेस्टेरॉल! गोळ्या द्या फेकून!" आप्पा गरजले.

काशाच्या वाटीनं अंगातली उष्णता निघते, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या मानलेलं. मग चरबी का निघणार नाही? लोकांना हात जोडायला एवढी अक्कल पुरली.

गुणाबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. पाटावर आता तिचाच नवरा होता. रवळूच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला, आणि आप्पांच्या नादानं महिनाभर गोळ्या बंद. त्याचं अंग घामानं डबडबलं होतं, हात छातीवर होता.

"आवो, उठा! दवाखान्यात चला."

"गप गं. चरबी सुटाय लागलीया."

"सुटताना कळ येतीच, आक्का!" आप्पा गोड हसले. काय निबर माणूस!

लेक ऋतिका टिळकवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची; आज तीही सोबत आली होती. बापाचा चेहरा बघून ती हादरली. गाडी बोलावली, पण गुठळ्या बघितल्याशिवाय बाप हलेना. तिनं आप्पांची वाटी हिसकावली, शेजारचा रिकामा पाट घासला आणि परातीत बुडवला.

पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या.

"बाबा, लाकडाच्या पाटाला कुठलं कोलेस्टेरॉल?"

गुणाबाईनं वाटी हुंगली. "अगं बया, डालडा हाय ह्यो! पातळ करून चोळतोय, गार पाण्यात गोठतोय! मेल्या, माझ्या कुंकवाशी खेळतोस?"

रवळूचं तोंड उतरलं. "चूक झाली गं," म्हणत तो उठला. दोघींनी त्याला गाडीत घातलं.

तो वाचला. पण झटक्यानं हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला.

"रक्ताचा रिपोर्ट चांगला आलता, त्यात आप्पा सोडा म्हणाला, म्हणून सोडल्या गोळ्या," तो खाटेवरून पुटपुटला.

"गोळ्या चालू होत्या, म्हणून चांगला आला होता!" डॉक्टर म्हणाले.

बाबांनो, धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी तळपायातून निघत नसते. ती वाढते तेव्हा दुखत नाही, कळतही नाही. रक्त तपासा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. रवळू आता चार पावलं चालला तरी धाप लागून गुणाबाईच्या खांद्याला धरून उभा राहतो.