हँगरसाठी दोन डझन

माझी पोरगी प्रवासी विमानाची कॅप्टन होती आणि ती खुर्ची सोडून तिला फौजी वैमानिक व्हायचं होतं. बत्तिसाव्या वर्षी! या वयात लोकांची पोरं घर घेतात, कुत्रं पाळतात. आमची टेस म्हणे पुन्हा परीक्षा देणार, दोन वर्षं प्रशिक्षण घेणार आणि दहा वर्षांनी लहान पोरांबरोबर मैदानात पळणार.

तळही कुठला निवडला, तर आमच्या गावापासून चाळीस मैलांवरचा, नेब्रास्काच्या गार्डचा, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई फौजेचा. तिथं मी अठ्ठावीस वर्षं टँकर सांभाळला. टँकर म्हणजे हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजणारं धूड. मी त्याचा क्रू चीफ, म्हणजे जमिनीवर त्याची सगळी देखभाल बघणारा. विमानाच्या अंगावर माझं नाव रंगवलेलं होतं, कारण विमान माझं. वैमानिक येतात, दोन-चार तास उसनं घेऊन जातात आणि मुकाट्याने परत आणून देतात. आमच्याकडे असंच मानतात.

"आपलं नातं तिथं सांगायचं नाही, बाबा," टेसने पहिल्याच दिवशी दम दिला. "एमिल कोवारिकची मुलगी म्हणून घेणार असतील तर मला नकोय."

"मी कशाला सांगू? माझा तर विरोधच आहे."

"माहितीये. म्हणूनच म्हणते, बाजूने नको आणि विरोधातही नको."

गार्डमध्ये नुसता अर्ज टाकून घरी बसून चालत नाही. महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी सगळे जमतात. उमेदवाराने तेव्हा जायचं, सोबत काहीतरी खाऊ न्यायचा, माणसांत मिसळायचं. एकदा घेतलं की वीस वर्षं एकमेकांची तोंडं बघायची असतात, त्यामुळे माणूस आवडला नाही तर कितीही तास उडवलेले असोत, त्याला वाटेला लावतात. ऑक्टोबरपासून टेस जायला लागली. जानेवारीत निवड होती आणि मार्चमध्ये ती वयाच्या अटीबाहेर जात होती. म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही.

खाऊ मी करून द्यायचो. आमच्या चेक लोकांचे कोलाची, मऊ गोड पाव, मधोमध खड्डा आणि त्यात खसखस नाहीतर जर्दाळूचा मुरंबा. माझी बायको व्लास्ता गेली तेव्हापासून ते मीच करतो. तिच्याइतके हलके होत नाहीत, पण माणसं मागून खातात.

पहिल्या शनिवारी रिकामा डबा घेऊन टेस घरी आली.

"काय गं, पुरले का?"

"वैमानिकांच्या खोलीत पाच मिनिटांत फस्त!"

"आणि हँगरमध्ये?"

"हँगरमध्ये काय आहे?"

हँगरमध्ये काय आहे म्हणे! अगं बये, विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या हँगरमध्ये ती माणसं आहेत ज्यांच्या भरवशावर तू वर जाणार. मेकॅनिक आहेत, इंधन भरणारे आहेत आणि त्या सगळ्यांची मुख्य डॉटी श्रॅम आहे. निवडीच्या आधी कमांडर डॉटीला हटकून विचारतो, ही कशी वाटते? डॉटी "कोण ही?" म्हणाली की खेळ खलास. डॉटीच्या जागेवर असताना मी स्वतः तिघांचा खेळ असाच खलास केलाय.

हे सगळं जिभेवर आलं होतं, पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. तिनेच बोलू नको म्हटलंय ना, अशी स्वतःची समजूत घातली. नोव्हेंबरात गप्प राहिलो, डिसेंबरातही.

खरं सांगतो, मला ती जायला नको होती. क्रू चीफ विमान निघताना समोर उभा राहून सलाम करतो. ते उडून जातं आणि मग त्याच्या हातात वाट बघण्याशिवाय काही उरत नाही. दुसऱ्यांच्या पोरांची वाट बघताना मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचो. आता स्वतःच्या पोरीची वाट बघायला माझ्यात दम नव्हता.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी दुपारी टेस स्वयंपाकघरात येऊन बसली. तिने कोटही काढला नाही.

"हसून बोलतात रे बाबा, पण आत घेत नाहीत. माझं काय चुकतंय तेच कळत नाही." आणि ती रडायला लागली. अगदी आईसारखी, आवाज न करता. "एखादा वैमानिक परत यायला निघालेला असतो आणि टाकीत काही उरलेलं नसतं. त्याच्यासाठी वर कुणीतरी थांबलेलं असावं, ते मी असावं, एवढंच मला हवंय. लहानपणी तूच सांगायचास ना हे सगळं?"

सांगायचो खरा. माझीच चूक.

"हँगर," मी म्हणालो. "तू एकदाही हँगरमध्ये गेली नाहीस." आणि मग सगळं ओकलो.

"तुला माहीत होतं? ऑक्टोबरपासून?"

"हो."

"आणि तू मजेत पीठ मळत बसलास!"

"मजेत नाही गं. भीती वाटत होती मला. अजून वाटते."

ती भडकेल, डबा फेकेल असं वाटलं. तिने मात्र डबा पुढ्यात ओढला.

"आमच्याकडेही विमान निघताना खाली कुणीतरी हात करतं, बाबा," ती हळूच म्हणाली. "मीही करते. पण नजर पुढच्या कामावर असते. आठ वर्षांत त्यातला एकही चेहरा मला आठवत नाही." मग उठली आणि कोट काढला. "चल, पीठ काढ. उद्या हँगरसाठी दोन डझन. आणि मी करणार, तू नुसतं सांग."

तिचे कोलाची विटेसारखे झाले. शनिवारी संध्याकाळी ती आली ती कोपरापर्यंत काळी होऊन.

"डॉटीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, हा मुरंबा एमिलचा. पाव मात्र त्याचा नाही, त्याचा असता तर चावता आला असता. मग मला विमानाखाली झोपवलं, तेल कुठून गळतंय ते शोधायला. चार तास!"

"सापडलं?"

"सापडलं!" ती कॅप्टन झाली तेव्हाही तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

रविवारी मुलाखत झाली. बुधवारी फोन आला आणि तिला घेतलं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती प्रशिक्षणाला निघाली. मी अंगणात उभं राहून दोन्ही हातांनी खुणा करत तिची गाडी रस्त्यावर काढून दिली, विमान काढायचो तशी. तिने काच खाली केली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि सलाम ठोकला. मी निवृत्त, ती अजून कुणीच नाही, त्यामुळे हे कुठल्या नियमात बसत नाही. पण एक नियम आम्हा दोघांना पाठ होता. जो मोठा, त्याने सलामाचा हात खाली घेतल्याशिवाय धाकट्याने घ्यायचा नसतो.

मीही हात कपाळाला लावला आणि तिथंच ठेवला.

"बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. तिचा हात अजून कपाळालाच होता, नाक लाल झालं होतं. "हात खाली घे ना. मला जायचंय."

"घेतो गं," मी म्हणालो. "घेतो. जरा थांब."